फ्रेम रिले ते एटीएम लिंक : दोन्ही टोकं अप दाखवतायत पण पिंग जात नाही, काय चुकतंय?

रातकिडा (रात्री २:४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येतो, पण आज चौथी रात्र आहे आणि डोक्याची पार मंडई झालीये म्हणून लिहितोय. पुण्यात एका नॉकमध्ये (नेटवर्कवर नजर ठेवणारं केंद्र) रात्रपाळी करतो, क्लायंट अमेरिकेतला. त्यांच्या मुख्य ऑफिसात सिस्को ७२०० राउटर आहे, त्यात पीए-ए३ कार्ड, डीएस-३ लाइनवर एटीएम (डेटा छोट्या ठरावीक सेलमध्ये चिरून नेणारं तंत्र). शाखेत २६०० आहे, टी-१ लाइनवर फ्रेम रिले (डेटा लहानमोठ्या फ्रेममधून नेणारं तंत्र). मधे कॅरिअरचा, म्हणजे लाइन देणाऱ्या टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्कचा, ढग. आधी ही शाखा दुसऱ्या एका शाखेशी डीएलसीआय (फ्रेम रिले सर्किटचा नंबर) १०२ वरून जोडलेली होती आणि ती लिंक आजही मस्त चालू आहे. आता मुख्य ऑफिससाठी नवीन पीव्हीसी (कायमचं आभासी सर्किट) घेतलाय, शाखेकडे डीएलसीआय ११० दिलाय आणि मुख्य ऑफिसकडे व्हीपीआय/व्हीसीआय (एटीएमकडचा सर्किट नंबर) २/१४५.

शाखेत शो फ्रेम-रिले पीव्हीसी मारलं की ११० ॲक्टिव्ह. मुख्य ऑफिसात शो एटीएम पीव्हीसी मारलं की अप. दोन्हीकडे पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस, आयपी १०.२०.३०.१ आणि .२, मास्क स्लॅश ३०. पिंग मारला की पाच टिंबं (म्हणजे एकालाही उत्तर नाही), बास. कॅरिअरला फोन केला तर म्हणतात आमच्या बाजूने सर्किट क्लीन आहे.

प्रश्न दोन. एक, हे ११० आणि १४५ जुळायला नकोत का? मला वाटतं इथेच घोडं पेंड खातंय, कारण कॅरिअरने नंबर वेगवेगळे दिलेत. आणि दोन, फ्रेम रिलेचं एटीएम करायची कमांड नक्की कुठल्या राउटरवर टाकायची? मला कुठेच सापडेना. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, समजून घ्या.

सर्किट_सातारा (सकाळी ८:१५)

एलएमआयचा, म्हणजे राउटर आणि स्विच लिंकची खबर ज्यातून देतात-घेतात त्याचा, टाइप बघितलास का भावा? माझ्याकडे एकदा असंच झालेलं, राउटरवर सिस्को होतं आणि स्विचवर अँसी. एलएमआय जुळला नाही की काहीच हलत नाही.

मृण्मयी_के (सकाळी ९:०२)

सातारकर, त्याचा डीएलसीआय ॲक्टिव्ह दाखवतोय ना, मग एलएमआय नीट बोलतोय. तो जुळला नसता तर इंटरफेसचा लाइन प्रोटोकॉलच डाउन झाला असता आणि त्याची जुनी १०२ पण बसली असती. शिवाय आयओएस ११.२ पासून राउटर एलएमआय स्वतःच ओळखतो, हाताने टाकायची वेळ फारशी येत नाही.

रातकिडा, तुझे प्रश्न उलट्या क्रमाने घेते.

फ्रेम रिलेचं एटीएम करणं हे तुझ्या दोन्ही राउटरचं काम नाहीच, म्हणून तुला कमांड सापडत नाहीये. ते काम कॅरिअरचा स्विच करतो, त्याला इंटरवर्किंग फंक्शन म्हणतात आणि नियम फ्रेम रिले फोरमच्या एफआरएफ.८ मध्ये आहेत, सर्व्हिस इंटरवर्किंग. शाखेच्या राउटरला पलीकडे एटीएम आहे हे माहीतच नसतं, त्याच्या लेखी पलीकडे अजून एक फ्रेम रिलेवालाच बसलाय. मुख्य ऑफिसच्या राउटरला वाटतं पलीकडे एटीएमच आहे. दोघांनाही मधल्या दुभाष्याचा पत्ता नाही. (राउटरलाच दुभाषा बनवता येतं, पण ते तुझं प्रकरण नाही. एफआरएफ.५ नावाचा दुसरा प्रकार असतो, त्यात फ्रेम रिले एटीएमच्या पोटातून आख्खा वाहून नेतात. तोही तुझा नाही.)

नंबर जुळायची काही गरज नाही. डीएलसीआय म्हणजे शाखेपासून तिच्या स्विचपर्यंतचा नंबर, २/१४५ म्हणजे मुख्य ऑफिसपासून तिथल्या स्विचपर्यंतचा. घराला मागचं दार आणि पुढचं दार असलं म्हणून दोन्हींना एकच कुलूप लागतं का? ११० ला १४५ शी बांधायचं काम स्विचवर होतं.

आता मुद्द्याचं. शाखेच्या सिरीयलवर नुसतं एन्कॅप्सुलेशन फ्रेम-रिले लिहिलंयस का? पुढे आयईटीएफ नसेल तर सिस्कोचं स्वतःचं एन्कॅप्सुलेशन (पॅकेट गुंडाळायची पद्धत) लागतं. सिस्को ते सिस्को असेल तर कुणाला कळतही नाही, म्हणून तुझी १०२ चालते. पण इथे मधे दुभाषा आहे आणि त्याला सिस्कोची बोली येत नाही, त्याला आरएफसी १४९० ची, म्हणजे आयईटीएफच्या मानकाची, येते. १०२ ला हात न लावता फक्त ११० साठी असं कर :

इंटरफेस सिरीयल०/०.११० पॉइंट-टू-पॉइंट
फ्रेम-रिले इंटरफेस-डीएलसीआय ११० आयईटीएफ

आणि मुख्य ऑफिसात पीव्हीसी २/१४५ च्या खाली एन्कॅप्सुलेशन एएएल५स्नॅप (एटीएमकडची तशीच गुंडाळी) आहे ना ते बघ. तो डीफॉल्टच असतो, पण कुणीतरी एएएल५मक्स करून ठेवलेलं मी पाहिलंय.

अजून एक. मुख्य ऑफिसकडचं ते "अप" फार मनावर घेऊ नकोस. ओएएम-पीव्हीसी मॅनेज (तपासणीचे सेल पाठवून पीव्हीसी जिवंत आहे का बघणं) लावलेलं नसेल तर एटीएमचा पीव्हीसी इंटरफेस अप आहे एवढ्यावरच स्वतःला अप म्हणवून घेतो, पलीकडे रान असलं तरी.

रातकिडा (रात्री १०:५०)

ताई, मनापासून धन्यवाद, दुभाष्याचं बरोबर डोक्यात शिरलं. आयईटीएफ टाकलं (शाखेत मोडेम आहे ऑक्स पोर्टला, नाहीतर धडधडलंच असतं हात लावताना). एएएल५स्नॅप होतंच. ओएएम पण लावलं, अपच आहे. पिंग अजूनही पाच टिंबं. आता?

इन्व्हर्स आर्पचा (पलीकडचा आयपी आपोआप विचारून घेणं) काही संबंध आहे का? मॅपमध्ये आयपी दिसत नाहीये.

मृण्मयी_के (रात्री ११:२०)

पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस असेल तर इन्व्हर्स आर्प लागतच नाही, पलीकडे एकच जण आहे, विचारायचं कुणाला? मॅपमध्ये आयपी दिसणार पण नाही, नुसता डीएलसीआय दिसेल. मल्टिपॉइंट असतं तर भानगड होती, तेव्हा हाताने मॅप टाकायचा आणि शेवटी ब्रॉडकास्ट शब्द विसरायचा नाही.

ओएएम अप आहे म्हणजे एटीएमचा रस्ता दुभाष्यापर्यंत धड आहे, इतकंच. ते सेल फ्रेम रिलेच्या बाजूला उतरत नाहीत.

एक काम कर. मुख्य ऑफिसच्या राउटरवर डीबग एटीएम एरर्स लाव आणि शाखेतून पिंग मार. जे येईल ते जसंच्या तसं इथे टाक. डीबग नंतर बंद कर हं, विसरू नकोस.

रातकिडा (रात्री ११:४१)

हे येतंय, प्रत्येक पिंगला एक ओळ :

एटीएम(एटीएम१/०.१) : व्हीसी(१) बॅड सॅप रिसीव्ह्ड ०३सीसी

मृण्मयी_के (रात्री ११:५५)

सापडलं. आज रात्री झोपशील तू, म्हणजे रात्रपाळी संपल्यावर.

आता बघ, यात काय लिहिलंय. आरएफसी १४९० प्रमाणे फ्रेम रिलेच्या पत्त्याच्या दोन बाइटनंतर आयपीसाठी ०३ सीसी हे दोन बाइट येतात, मग लगेच आयपीचं पॅकेट, ४५ ०० ने सुरू होणारं. एटीएमकडे आरएफसी १४८३ प्रमाणे आयपीच्या आधी आठ बाइट हवेत, एए एए ०३ ०० ०० ०० ०८ ००. मुख्य ऑफिसचा राउटर एए एए ची वाट बघत बसलाय आणि त्याच्या हातात ०३ सीसी येतंय. तो म्हणतो हे कुठलं सॅप (आत कुठला प्रोटोकॉल आहे ते सांगणारी खूण), आणि फेकून देतो. आधी सिस्को एन्कॅप्सुलेशन होतं तेव्हा हा डीबग लावला असतास तर तिथे ०८०० दिसलं असतं, कारण सिस्कोवाला त्या जागी सरळ ईथरटाइप (प्रोटोकॉलचा नंबर) टाकतो. म्हणजे तुझा आयईटीएफचा बदल बरोबर लागलाय.

पण मधल्या स्विचने ०३ सीसी काढून त्या जागी एए एए ०३ लावायला हवं होतं, ते त्याने केलं नाही. म्हणजे कॅरिअरने पीव्हीसी ट्रान्सपरंट मोडमध्ये उभा केलाय. एफआरएफ.८ मध्ये दोन मोड आहेत, ट्रान्सलेशन आणि ट्रान्सपरंट. ट्रान्सपरंटमध्ये स्विच फक्त फ्रेमचे सेल करतो, आतलं डोकं (हेडर) बदलत नाही, नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. दोन्ही टोकांना आतलं एकच डोकं कळत असेल तिथे तो उपयोगाचा. आयपी राउटिंगसाठी तुला ट्रान्सलेशन हवा.

कॅरिअरला "पिंग जात नाही" असं अजिबात सांगू नकोस, ते परत क्लीन म्हणतील आणि त्यांच्या लेखी ते क्लीनच आहे. तिकिटात एवढंच लिही की डीएलसीआय ११० ते २/१४५ या पीव्हीसीचा इंटरवर्किंग मोड ट्रान्सपरंटवरून ट्रान्सलेशन करा, आणि वर ती बॅड सॅपची ओळ चिकटव.

पाटीलबुवा (सकाळी ७:३०)

कशाला या जुन्या भानगडीत पडताय राव, सरळ एमपीएलएस (यांच्या जागी आलेलं तंत्र) घ्या म्हणावं क्लायंटला. फ्रेम रिले, एटीएम म्हणजे आता आजोबांची घड्याळं झाली.

केबलकाका (सकाळी ८:०५)

पाटीलबुवा, घड्याळ आजोबांचं असलं तरी नातवाला वेळ त्यातच बघायची आहे ना. करार संपेपर्यंत क्लायंट काही बदलत नाही, आणि बदलला तरी तोवर या पोराला रात्रपाळी आहेच. माझी टेलिकॉममधली सगळी नोकरी असल्याच दुभाष्यांच्या नादात गेली. मुलीने बरोबर पकडलंय. ट्रान्सलेशन झालं की काय होतंय ते कळव रे, कारण माझ्या अंदाजाने तुझं पुढचं दुखणं अजून यायचंय.

रातकिडा (दुसऱ्या दिवशी, रात्री १:१०)

ताई!!!!! पाच उद्गारचिन्हं!!!!! खरोखरची!

कॅरिअरचा पहिला माणूस म्हणाला असा काही मोड नसतो, दुसरा म्हणाला तो बदलायला नवीन ऑर्डर लागेल, मग तिसऱ्या पातळीवरच्या बाईंनी बॅड सॅपची ओळ वाचली आणि दहा मिनिटांत बदलून दिला. पिंग ४२ मिलिसेकंद.

पण काकांची वाणी खरी ठरली. ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायचा प्रोटोकॉल) उठत नाहीये. हॅलो जातात येतात, शेजारी दिसतो, आणि एक्सस्टार्टला (माहितीची देवाणघेवाण सुरू व्हायची पायरी) येऊन अडकतो. मधेच एकदा एक्सचेंज दाखवतो, परत एक्सस्टार्ट. स्टॅटिक रूट टाकून बघितलं तर चालतं, पण मुख्य ऑफिसमधून शाखेत मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सुरुवातीला पळते आणि मग रडत रडत जाते. उलट दिशेने ठीक आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत का एकच?

सर्किट_सातारा (सकाळी ८:४०)

हे मात्र मला येतं, माझ्या पहिल्या उत्तराची भरपाई समजा! एक्सस्टार्ट म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा एमटीयू, पॅकेटचा कमाल आकार. सिरीयलचा डीफॉल्ट १५०० असतो आणि एटीएमचा ४४७०. ओएसपीएफवाले डीबीडी (आपल्याकडच्या माहितीची यादी) पॅकेटमध्ये आपला एमटीयू लिहून पाठवतात, शाखेच्या राउटरला पलीकडून ४४७० दिसतो, तो म्हणतो एवढा मोठा घास माझ्या तोंडात मावणार नाही आणि डीबीडी नाकारतो. हॅलोमध्ये एमटीयू नसतो म्हणून शेजारी दिसतो. शाखेत डीबग आयपी ओएसपीएफ ॲडज लावशील तर स्पष्ट लिहून येईल की शेजाऱ्याचा एमटीयू मोठा आहे.

मुख्य ऑफिसच्या एटीएम सबइंटरफेसवर आयपी एमटीयू १५०० टाक. नेटवर शोधशील तर आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर सापडेल, ते करू नकोस, त्याने फक्त ओएसपीएफचं तोंड बंद होतं. मोठं पॅकेट आलं तर शाखेचा सिरीयल ते जायंट (मापाबाहेर मोठं) म्हणून टाकणारच.

दोन्हीकडे पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस आहे म्हणून नेटवर्क टाइपची भानगड नाही. फिजिकल फ्रेम रिलेवर आयपी दिला असतास तर तो नॉन-ब्रॉडकास्ट झाला असता, हॅलो ३० सेकंदाला, आणि पलीकडे १० ला, मग शेजारीच दिसला नसता.

केबलकाका (सकाळी ९:३०)

सातारकर, आता बरोबर. पोरा, दुखणी दोन आहेत, वेगळी. फाइल रडतेय त्याचं कारण शेपिंग, म्हणजे पाठवायच्या वेगाला लगाम नाही. मुख्य ऑफिसच्या पीव्हीसीवर काय लिहिलंयस? काहीच नसेल तर तो यूबीआर (वेग न ठरवलेला प्रकार) म्हणून डीएस-३ च्या पूर्ण जोराने, म्हणजे ४५ मेगाबिटच्या नळातून पाणी सोडतोय, आणि पलीकडे शाखेचा टी-१, दीड मेगाबिटची तोटी. स्विचचं भांडं भरलं की तो ओतून देतो. टीसीपी मग घाबरून हळू होतं. उलट दिशेला तोटीतून नळात, म्हणून ठीक.

तर व्हीबीआर-एनआरटी (वेग ठरवून दिलेला प्रकार) लाव. आकडे काढायला जरा हिशोब करायला लागेल, कारण एटीएमचा कर फार. सेल ५३ बाइटचा, त्यातले ५ डोक्याला गेले, राहिले ४८. (४८ कुठून आले माहितीये? अमेरिकेला ६४ हवे होते, युरोपला ३२, भांडण मिटवायला मधला आकडा घेतला. अभियांत्रिकीत सगळंच गणिताने ठरतं असं नाही.) आता १५०० चं पॅकेट धर. त्यात स्नॅपचे ८ आणि एएएल५ च्या शेपटीचे ८, झाले १५१६. भागिले ४८, वर चढवून ३२ सेल. ३२ गुणिले ५३ म्हणजे १६९६ बाइट. तेच पॅकेट फ्रेम रिलेवर साधारण १५०७ मध्ये बसतं. म्हणजे एटीएमकडे सव्वाबारा-साडेबारा टक्के जास्त लागतात.

राउटरवरचे पीसीआर (कमाल वेग), एससीआर (सरासरी टिकवायचा वेग) हे सेलच्या डोक्यासकट मोजले जातात. तुझा पोर्ट १५३६ किलोबिट असेल तर पीसीआर साधारण १७२८. सीआयआर (कॅरिअरने हमी दिलेला वेग) किती घेतलाय? ७६८ असेल तर एससीआर ८६४. एमबीएस (एका दमात सोडायचे सेल) ३२ च्या खाली ठेवू नकोस, एक मोठं पॅकेटच ३२ सेलचं होतं.

आता म्हणशील बारीक पॅकेटचं काय? ४० बाइटचं टीसीपीचं ॲक (पोचपावती) घे, ४० आणि १६ म्हणजे ५६, एका सेलमध्ये मावत नाही, दोन सेल, १०६ बाइट. फ्रेम रिलेवर तेच ४७ बाइट. म्हणजे सगळी बारीकच पॅकेटं असली तर या पीसीआरने तुझी टी-१ अर्धीच भरेल. काही लोक म्हणून पीसीआर वाढवून ठेवतात. मी वाढवत नाही, मोठी पॅकेटं आली की स्विच परत ओतायला लागतो, आणि फाइल कॉपीला मोठीच येतात.

शाखेकडून जाताना सीआयआरच्या वर गेलेल्या फ्रेमवर डीई बिट (गर्दीत आधी टाकायची खूण) लागतो, दुभाषा त्याचा सीएलपी (एटीएमची तीच खूण) करतो, गर्दी झाली की ते सेल आधी जातात. फेक्नचा (पुढच्याला गर्दी कळवणारा बिट) ईएफसीआय (एटीएमचा तसाच बिट) होतो. बेक्नला (पाठवणाऱ्याला गर्दी कळवणारा बिट) एटीएममध्ये कुणी वारस नाही, त्यामुळे दोन्हीकडून गर्दीची खबर मिळेल या भरवशावर बसू नकोस.

मृण्मयी_के (सकाळी १०:१०)

काका, पीसीआरच्या बाबतीत मी थोडी सैल आहे, १८०० पर्यंत जाते, पण स्विचवर भांडं केवढं आहे ते माहीत असेल तरच. इथे माहीत नाही, म्हणून तुमचंच बरोबर.

नवा_भिडू (दुपारी १:२५)

मधेच विचारतो, ताई तुम्ही म्हणालात राउटरलाच दुभाषा बनवता येतं, ते कसं? लॅबमध्ये करून बघायचंय.

मृण्मयी_के (दुपारी २:००)

थोडक्यात सांगते. एकाच राउटरमध्ये सिरीयल आणि एटीएम दोन्ही हवं, आणि प्रत्येक मॉडेल हे करतं असं नाही, आधी बघून घे. ग्लोबलमध्ये फ्रेम-रिले स्विचिंग लावायचं. सिरीयलवर एन्कॅप्सुलेशन फ्रेम-रिले आयईटीएफ आणि इंटरफेस टाइप डीसीई, कारण आता एलएमआय सांगणारा तू आहेस. एटीएमच्या पीव्हीसीखाली एन्कॅप्सुलेशन एएएल५मक्स एफआर-एटीएम-एसआरव्ही. मग ग्लोबलमध्ये एकच ओळ :

कनेक्ट लॅब१ सिरीयल१/० १६ एटीएम३/० १/३५ सर्व्हिस-इंटरवर्किंग

डीएलसीआय १६ पासून सुरू कर, त्याखालचे राखीव असतात. ट्रान्सलेशन आपोआप चालू असतं. त्याच्या आत नो सर्व्हिस ट्रान्सलेशन टाकलंस की ट्रान्सपरंट होतं आणि मग बघ, रातकिड्याची बॅड सॅपची ओळ तुझ्या घरी. खरं तर दोन्ही मोड मुद्दाम करून बघ, एकदा ०३सीसी स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की विसरत नाही माणूस.

रातकिडा (रात्री १२:३०)

मंडळी, सगळं चालू झालं. आयपी एमटीयू १५०० टाकल्यावर ओएसपीएफ एका मिनिटाच्या आत फुल्ल. (काल तुमची वाट बघत असताना मी एमटीयू-इग्नोर टाकून बघितलंच होतं, कबूल करतो, ते आता काढलं.) पीसीआर १७२८, एससीआर ८६४, एमबीएस १०० ठेवलं. काका, सीआयआर ७६८ च निघाला, तुम्ही कसा ओळखलात देव जाणे. आता फाइल एका चालीने जाते, सुरुवातीला पळत नाही पण मधे बसतही नाही.

घरी सांगायला गेलो की आठवडाभर एटीएम चालत नव्हतं म्हणून उशीर व्हायचा, तर वडील म्हणाले कोपऱ्यावरचं तर कालच चालू होतं, मी पैसे काढले. सोडून दिलं.

आणि हो, क्लायंटने आज अजून सहा शाखांची यादी पाठवलीये. त्यातल्या दोन सर्किट ऑर्डरवर इंटरवर्किंग मोडचा रकाना रिकामाच आहे. त्या तिसऱ्या पातळीवरच्या बाईंना आत्ताच मेल टाकतो, त्यांची शिफ्ट संपायच्या आत.